वंशावळीचा कापलेला समास

मित्रांनो, मी कापड आहे. पण माझा कधी सदरा झाला नाही, झबले झाले नाही की पडदाही झाला नाही. सुताच्या तलम कापडाला खळ चोपडतात, दाबतात, घोटून घोटून काचेसारखे करतात. मग खाली ठेवलेली रेघ त्यातून आरपार दिसते. याला ट्रेसिंगचे कापड म्हणत. आता ते कुठे मिळत नाही. संगणक नव्हते तेव्हा मोठमोठ्या यंत्रांचे नकाशे आमच्यावर काढले जात, आणि कागद फाटला तरी आम्ही फाटत नसू.

माझे पहिले घर म्हणजे ठाण्यातला पंप बनवणारा एक कारखाना. तिथे त्र्यंबकराव नावाचे ड्राफ्ट्समन होते. त्यांचा हात असा की रेघ ओढताना ते श्वासही थांबवत. साठ फुटांचा मी गुंडाळा होतो. माझे वीस फूट पंपांच्या नकाशांत गेले आणि एक दिवस कारखान्यात संगणक आले. नकाशाघरातली उंच टेबले भंगारात निघाली. त्र्यंबकरावांनाही घरी बसावे लागले. त्यांनी साहेबांना विचारून माझे उरलेले चाळीस फूट काखेत मारले आणि डोंबिवलीला आपल्या दोन खोल्यांच्या घरी आणले. त्यांची पत्नी सरोजताई दारातच म्हणाल्या, "अहो, हे कशाला?"

"टाकून देणार होते," त्र्यंबकराव म्हणाले. माझ्याबद्दल बोलत होते की स्वतःबद्दल, ते मला अजून कळलेले नाही.

पुढचे कित्येक महिने मी कपाटावर पडून होतो आणि ते खुर्चीत. पेपर वाचून झाला की ते नुसत्या बोटाने टेबलावर रेघा ओढत. सरोजताई हे बघत होत्या.

सरोजताई कल्याणच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होत्या. वाळवी लागलेली पुस्तके रद्दीत काढायचे काम एकदा त्यांच्याकडे आले. त्यांत एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ होता, इंग्लंडच्या सरदार घराण्यांच्या वंशावळींचा. सरोजताईंनी तो झटकला, फडक्यात बांधला आणि घरी आणून नवऱ्यापुढे ठेवला.

"मला यातलं काही म्हणजे काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "कोण कोणाचा मुलगा, कोण कोणाची सून. नुसतं वाचून डोकं फिरतं. मला हे जरा काढून द्याल का?"

मित्रांनो, सरोजताईंना ते चांगले कळत होते. कळत नाही असे त्यांनी का म्हटले, हे तुम्ही ओळखले असेलच.

त्र्यंबकरावांनी मला खाली काढले, टेबलावर हातभर उलगडले आणि डाव्या टोकाला लिहिले, 'विल्यम, १०६६'. त्या दिवशी त्यांनी दोन वेळा चहा थंड होऊ दिला.

असे ते काम सुरू झाले आणि पुढे बावीस वर्षे चालले. डावीकडून उजवीकडे काळ पुढे सरकत होता आणि वरून खाली घराणी पसरत होती. राजे, सरदार, त्यांच्या लेकीसुना, सोयरिकी. एलिनॉर नावाची एक राणी होती. ती आधी फ्रान्सची राणी झाली आणि मग इंग्लंडची. या दुसऱ्या लग्नाच्या तिच्या तीन मुली दिल्या त्या एक सॅक्सनीला, एक कॅस्टीलला आणि एक सिसिलीला. त्यामुळे माझ्यावरच्या रेघा इंग्लंड सोडून साऱ्या युरोपभर धावू लागल्या. दुसरा एक बलाढ्य सरदार होता, विल्यम मार्शल. त्याला पाच मुलगे आणि पाच मुली. पाचही मुलगे एकामागून एक बापाच्या गादीवर बसले आणि एकाच्याही मागे वारस राहिला नाही. सगळी जहागीर पाच मुलींत वाटली गेली. त्यांतल्या सिबिल नावाच्या मुलीला तर साती मुलीच! त्या सात रेघा काढायला त्र्यंबकरावांना आठवडा लागला.

सरोजताईंचा एक नियम होता. प्रत्येक नाव आधी पेन्सिलने यायचे. ते नाव कशावरून खरे, हे त्या शोधत. जुनी दानपत्रे, मठांच्या नोंदवह्या, वारसांच्या चौकशीचे कागद. सुरुवातीला त्या इंग्लंडला पत्रे पाठवत. उत्तरे येत ती 'मिस्टर सरोज' यांना. पुढे घरी संगणक आला आणि जुने कागद पडद्यावर दिसू लागले. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी लॅटिन शिकायला घेतले. पोळ्या लाटताना ओट्यापुढे शब्दांची रूपे चिकटवलेली असत. आधार सापडला की माझ्या खालच्या कडेला सहा इंचांचा जो समास सोडला होता, त्यात त्या आपल्या बारीक, गोल अक्षरात तो लिहीत. त्यानंतरच त्र्यंबकराव त्या नावावर शाई चढवत.

"समासात लिहिल्याशिवाय शाई नाही," असे त्या म्हणत.

"हो हो, साहेब!" असे म्हणून ते हसत.

एका बाईवर तर त्यांनी अकरा महिने घातले. घराणे अगदी लहान. नाव सांगितले नाही तरी तुमचे काही अडणार नाही. छापील पुस्तकात ती सरदाराच्या दुसऱ्या बायकोची मुलगी म्हणून दिली होती. सरोजताईंना ते पटेना, कारण सालांचा मेळ बसत नव्हता. अकराव्या महिन्यात त्यांना एक दानपत्र सापडले. त्या मुलीने म्हातारपणी, विधवा झाल्यावर, आपली पाणचक्की जोगिणींच्या एका मठाला दिली होती आणि लिहिले होते की हे दान माझ्या आईच्या आत्म्यासाठी. पुढे आईचे नाव होते. ती पहिली बायको होती! सरोजताई खुर्चीतून उठल्या आणि त्र्यंबकरावांच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "अहो, तिची आई सापडली!" दोघांच्या डोळ्यांत पाणी होते. आठशे वर्षांपूर्वीच्या, सातासमुद्रापारच्या एका म्हातारीसाठी.

मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस.

शेवटचा फूट भरत आला तेव्हा त्र्यंबकराव पंच्याहत्तरीला टेकले होते. समासाच्या उजव्या कोपऱ्यात त्यांनी पेन्सिलने दोन चौकटी आखल्या. कारखान्यातल्या प्रत्येक नकाशावर तशा असत. एकीत 'काढले', दुसरीत 'तपासले'. "इथे दोघांची नावं घालू," ते म्हणाले. "सगळं पुरं झालं की एकदमच घालू."

सरोजताईंना घाई नव्हती.

आता केदारबद्दल सांगतो. केदार ठाण्यातल्या इतिहासप्रेमींच्या एका मंडळाचा चिटणीस. चाळिशीचा, बोलका, कामाचा. कोणाकडून तरी ऐकून तो मला बघायला आला आणि बघतच राहिला. "काका, हे डोंबिवलीत कपाटावर पडलंय? अहो, याचं प्रदर्शन झालं पाहिजे!" ठाण्यातच माजिवड्याला गोपीनाथ पाटलांचा हॉल त्याने ठरवलासुद्धा. पेपरात बातमी आली. कारखान्यातले जुने सहकारी फोन करू लागले. त्र्यंबकरावांनी कित्येक वर्षांनी नवा सदरा शिवून घेतला. मीही मनातून फुललो होतो. खोटे कशाला बोलू?

प्रदर्शनाला चार दिवस उरले होते. सरोजताई धाकट्या बहिणीकडे, उत्तराताईंकडे, टिटवाळ्याला गेल्या होत्या. उत्तराताईंच्या डोळ्याचे ऑपरेशन होते. भर दुपारी केदार घरी आला.

"काका, छोटासा लोचा झालाय," तो म्हणाला. "मी बघून आलेलो काल, काचेची पेटी रुंदीला तीस इंचीच आहे. आपला चार्ट छत्तीस. नवीन पेटी बनवायला आता टाइम नाही."

"मग?"

"खालची ती पट्टी काढून टाकू. तसंही ते बारीक अक्षर कोण वाचणार? लोकांना राजाराणी बघायचेत, काका. चार्ट क्लीन दिसेल."

त्र्यंबकरावांनी त्या पट्टीवरून बोट फिरवले. मग म्हणाले, "सरोजला विचारायला हवं."

"विचारा ना. आणि हो, दारावरच्या पाटीचा मजकूर आज द्यायचाय. रेखन तुमचं. संशोधन कोणाचं लिहू?"

त्र्यंबकरावांनी फोन उचलला होता. तो त्यांच्या हातात होता, टिटवाळ्याचा नंबर समोर होता. मी उलगडलेला टेबलावर होतो आणि त्यांचा चेहरा बघत होतो. त्या चेहऱ्यावर मला नकाशाघरातली भंगारात निघालेली टेबले दिसली. नोकरी सुटल्यापासून त्यांचे नाव कुठल्याही दारावर लागले नव्हते. जुने सहकारी येणार होते.

त्यांनी फोन खाली ठेवला.

"माझंच लिही," ते म्हणाले. "सरोजचं आभारात घाल."

केदार गेल्यावर त्यांनी स्टीलची मोजपट्टी काढली, नवे ब्लेड लावले. ज्या हाताने बावीस वर्षे माझ्यावर एक रेघ वाकडी जाऊ दिली नाही, त्याच हाताने तीन तीन फूट करत मला कापले. अकराव्या फुटाशी तो थांबला. तिथे समासात ती पाणचक्की होती. मला वाटले, आता ब्लेड खाली ठेवतील. त्यांनी चष्मा पुसला आणि पुढे सुरुवात केली. काप अगदी सरळ आला. मित्रांनो, तो थोडा तरी वाकडा यायला हवा होता, असे मला आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी सरोजताई परत आल्या. चप्पल काढताना त्यांची नजर गॅलरीत गेली. रद्दीच्या गठ्ठ्यावर रबर लावलेली एक अरुंद गुंडाळी होती. त्यांनी ती उचलली, वीतभर उलगडली आणि आपले अक्षर ओळखले. मग टेबलाशी येऊन माझी खालची कड बोटाने चाचपली.

"पेटी तीस इंचीच निघाली," त्र्यंबकराव स्वयंपाकघरातून म्हणाले. ते तिथे उगाच भांडी लावत होते. "केदार म्हणाला, वेळ नाही. मी तुला फोन करणारच होतो."

"नावांच्या चौकटी यातच होत्या."

"तुझं नाव आहे ना. आभारात आहे."

"आभारात?"

"अगं, पाटीवर जागा किती असते?"

सरोजताईंनी गुंडाळीचे टोक उलगडून त्या रिकाम्या चौकटी पाहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "अहो, कारखान्यात तुम्ही इतकी वर्षं 'काढले' आणि 'तपासले' भरून घेतलंत. तपासणाऱ्याची सही नसलेला नकाशा एकदा तरी खाली यंत्रशाळेत पाठवलात?"

आतून भांड्यांचा आवाज थांबला. सरोजताईंनी ती पट्टी नीट गुंडाळली आणि आपल्या कापडी पिशवीत ठेवली. त्या दिवशी जेवणात त्यांनी नेहमीसारखी आमटी केली, नेहमीसारखी वाढली. मला मात्र कळले की या घरात काहीतरी मोडले आहे. रडारड झाली असती तर बरे झाले असते.

प्रदर्शनाच्या दिवशी मी काचेखाली लांबच लांब पसरलो होतो. दिव्यांच्या उजेडात माझ्या रेघा झळकत होत्या. दारावर पाटी होती. 'संशोधन आणि रेखन' आणि खाली एकच नाव. लोक येत होते, मोबाइलने फोटो काढत होते. कारखान्यातले एक सहकारी म्हणाले, "त्र्यंबक, तू तर विद्वान निघालास रे!" त्र्यंबकराव हसले. सरोजताई भिंतीकडेच्या खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर पिशवी घेऊन. त्या आल्याच कशाला, असे तुम्ही विचाराल. बावीस वर्षे ज्यात घातली ते काम लोक कसे बघतात, हे त्यांनाही बघायचे होते.

हॉलचे मालक गोपीनाथ आपल्या आईला, तुळसाबाईंना, धरून घेऊन आले. तुळसाबाई ऐंशीच्या पुढच्या. लहानपणी त्यांनी मिठागरात काम केले होते. आता त्यांच्या जमिनींवर इमारती उभ्या आहेत. इंग्रजी नावे त्यांना वाचता येत नव्हती, पण रेघा बरोबर कळत होत्या. बापाखाली मुले, मुलांखाली नातवंडे. त्या हळूहळू काचेवरून बोट फिरवत आल्या आणि अकराव्या फुटाशी थांबल्या.

"ही पोर कोनाची रं?" त्यांनी त्र्यंबकरावांना विचारले.

"त्या सरदाराची. पहिल्या बायकोची."

"दोन बायका व्हत्या ना त्याला? मंग पयलीचीच कशावरशी?"

केदार हसून म्हणाला, "आजी, काकांनी रिसर्च केलाय सगळा."

"हसू नुको रं," तुळसाबाई म्हणाल्या. "आमचे सातबारावं पोरींची नावां नव्हती. माजंबी नव्हतं. बारा वरसां कोर्टान गेली. कोनी सांगला म्हनून कोर्ट आयकत नाय, कागद मागतं. म्हनून इचारते. कागद काय हाय?"

आजूबाजूचे लोक गोळा झाले. जुने सहकारीही वळून बघू लागले. त्र्यंबकरावांनी सवयीने माझ्या खालच्या कडेकडे पाहिले. तिथे पेटीचे लाकूड होते.

"दानपत्र होतं," ते म्हणाले. "कुठल्यातरी मठाचं. साल... साल असेल..." मग ते भिंतीकडे वळले. "सरोज, सांग ना गं."

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. सरोजताई उठल्या. क्षणभर मला वाटले की त्या सरळ दाराबाहेर जातील. मनातून मी म्हणत होतो, जा! माझ्या अंगावरची प्रत्येक रेघ आता निराधार होती आणि ती तशीच उघडी पडावी असे मला वाटत होते. इतका मी दुखावलो होतो.

पण त्या पेटीपाशी आल्या. पिशवीतून पट्टी काढली, उलगडत उलगडत नेमकी अकराव्या फुटाशी आणली आणि काचेवर ठेवली.

"आजी, हा कागद," त्या म्हणाल्या. "ही म्हातारी झाली, नवरा गेला, तेव्हा हिने आपली पाणचक्की मठाला दान दिली. दान देताना स्वतः आईचं नाव सांगितलंय. ते नाव पहिल्या बायकोचं आहे. म्हणून ही पहिलीची."

तुळसाबाईंनी मान डोलावली. "सोताच सांगलान. मंग झाला. आन् यो कोनी शोधला?"

सरोजताईंनी नवऱ्याकडे पाहिले. त्र्यंबकराव बोलले असते तर! एवढेच म्हणायचे होते, "हिने." तीन-चार क्षण तरी त्यांना मिळाले होते. मी मोजले आहेत. ते काचेतून माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांचे ओठ हलले नाहीत.

"मी शोधलं, आजी," सरोजताई म्हणाल्या. त्यांनी पट्टी गुंडाळली, पिशवीत ठेवली. "बाकीच्या प्रश्नांची उत्तरं यांनाच विचारा," असे केदारला सांगून त्या टिटवाळ्याला निघून गेल्या.

त्या दोन महिने तिथे होत्या. मी नळीत बंद होऊन डोंबिवलीला परत आलो. दोन्ही टोकांना झाकणे असलेली प्लास्टिकची नळी, आणि नळी पुन्हा कपाटावर. त्र्यंबकराव दुपारी उत्तराताईंकडे फोन करत आणि तब्येतीची चौकशी करून ठेवत. जे बोलायचे ते बोलतच नसत. एकदा त्यांनी मला उतरवले, उजव्या कोपऱ्यात पेन टेकवले. पण सरोजताईंचे नाव लिहायला माझ्यावर जागाच नव्हती. उरलेल्या तीस इंचांत माणसे दाटीवाटीने भरली होती. त्यांनी पेनाला टोपण लावले.

सरोजताई परत आल्या त्या एक जाड वही घेऊन. पट्टीवरचा एकूण एक आधार त्यांनी वहीत उतरवला होता. पुढच्या वर्षी त्याचे पुस्तक झाले. त्या जिथे नोकरीला होत्या त्याच महाविद्यालयाने ते छापले आणि मूळ पट्टीही मागून घेतली. तिथे तिला क्रमांक आहे, खोका आहे, वर्षातून दोनदा तिची धूळ झटकतात असे ऐकतो. माझे सहा इंच माझ्याहून चांगल्या जागी आहेत, याचा मला आनंद आहे. पण आमची पुन्हा भेट नाही.

पुस्तक घरी आले त्या दिवशी त्र्यंबकरावांनी ते उघडले. पहिल्या पानावर लिहिले होते, 'संशोधन: सरोज' आणि त्याच्याच खाली, तेवढ्याच अक्षरात, 'रेखन: त्र्यंबक'. ते पान त्यांनी किती वेळ धरून ठेवले होते कोण जाणे.

"माझं नाव घातलंस," ते म्हणाले.

"तुम्ही काढलंय, म्हणून घातलं."

"सरोज, तेव्हा माझं चुकलं."

"हो," सरोजताई म्हणाल्या.

थोड्या वेळाने त्र्यंबकरावांनी माझ्या नळीकडे पाहिले. "हेही कल्याणला देऊन टाकू या का? पट्टीशेजारी राहील."

सरोजताई चहा गाळत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "ते तुमचं काम आहे. तुम्ही ठरवा."

बावीस वर्षे मी त्या घरात 'आपलं काम' हे शब्द ऐकले होते.

मित्रांनो, त्र्यंबकरावांचे अजून ठरलेले नाही. ते वाईट गृहस्थ नाहीत; माझ्यावर त्यांच्याइतके प्रेम कोणीच केले नसेल, आणि म्हणूनच माझी जखम भरत नाही. तुम्ही उद्या शाळेत प्रकल्प कराल, वहीत समास सोडाल, कोणी तुम्हाला शोधून देईल, कोणी रेघ ओढून देईल. त्या वह्या जपा, आणि त्यांच्या कडांवर जे बारीक अक्षरात लिहिलेले असते तेही जपा. ज्याच्यासोबत काम कराल त्याचे नाव पहिल्याच दिवशी लिहा, आणि शाईने लिहा. सगळे पुरे झाल्यावर लिहू, असे म्हणू नका. शेवटी जागा उरत नाही.